विनाथांबा!

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कधी उभे राहिला आहात? स्वारगेटची साधी गाडी फलाटावर लागलेली असते. अर्ध्या सीट रिकाम्या. कंडक्टर ‘पुणे, पुणे, पुणे’ करून घसा कोरडा करत असतो. आणि तिच्याच शेजारी पन्नास माणसांची रांग निवांत उभी असते, अजून न आलेल्या गाडीसाठी. का? तर त्या गाडीवर पाटी असते ‘विनाथांबा’. गंमत म्हणजे साध्या गाडीत बसला असतात, तर विनाथांबा येईपर्यंत तुम्ही शिरवळ गाठलं असतं. रांगेतल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. तरी कुणी जागचं हलत नाही.

मी साताऱ्याची. पुण्यात कॉलेज करताना या रांगेत मीही बरेच तास घालवलेत. तेव्हा मला वाटायचं, आपण वेळ वाचवतोय. नंतर शिकायला अमेरिकेत गेले, विमानांचे लांबलचक प्रवास केले, आणि मग कुठे लक्षात आलं की त्या रांगेत आपण वेळेसाठी उभे नव्हतोच. एकदा बसलो की कुणी उठवणार नाही, कुणी ‘सरका जरा’ म्हणणार नाही, डोळा लागला तर स्वारगेटलाच उघडेल, एवढ्याचसाठी उभे होतो.

आज हे सगळं आठवायचं कारण, सध्या तुमच्या-माझ्या फीडमध्ये दिसणारी लांब पल्ल्याच्या नॉनस्टॉप विमानांची क्रेझ. ‘जगातल्या सगळ्यात लांब फ्लाइटमध्ये मी काय काय केलं’ छापाचे व्हिडीओ तुम्हीही पाहिले असतील. सोळा तासांपेक्षा जास्त सलग उडणाऱ्या फ्लाइटना साधारणपणे ‘अल्ट्रा लाँग हॉल’ म्हणतात. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे सिंगापूर ते न्यूयॉर्क. सुमारे १५,३०० किलोमीटर, साडेअठरा-एकोणीस तास. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर, म्हणजे दोन ठिकाणं एकमेकांपासून जास्तीत जास्त २० हजार किलोमीटर लांब असू शकतात. त्यातलं तीन चतुर्थांश अंतर एका दमात! आणि आता ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनीहून थेट लंडन आणि न्यूयॉर्कला जायच्या तयारीत आहे. ते प्रवास २२ तासांपर्यंत जाऊ शकतात.

बावीस तास एका खुर्चीत. ऐकूनच पाठ धरते ना? मग लोकांना याचं एवढं आकर्षण का? आणि कधीतरी आपल्यालाही तिकीट काढायची वेळ आली, तर त्या आकर्षणापायी जास्तीचे पैसे मोजावेत का? माझं उत्तर आहे, मोजावेत. पण दर वेळी नाही, आणि स्वतःसाठी तर सगळ्यात शेवटी. कसं ते सांगते.

आधी हिशेब

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. थेट विमानाने सोळा तास धरा. आखातातून किंवा युरोपातून एक थांबा घेऊन गेलात, आणि मधला थांबा तीन-चार तासांचा असला, तर वीस ते बावीस तास. म्हणजे वाचले किती? चार ते सहा तास. घरातून निघून, मुंबईचं ट्रॅफिक, तीन तास आधी एअरपोर्ट, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग रूमवर पोचणं हे सगळं धरलं, तर दीड दिवसाच्या उठाठेवीतले चार-सहा तास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन्ही तिकिटांत वीस-बावीस हजारांचा फरक होता. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये तेवढ्या पैशांत दोन महिन्यांचा किराणा येतो. मी अर्थातच थांब्यावालं तिकीट काढलं. आजही तुमच्यापैकी कुणी विचारलं, तर पहिल्या खेपेला तेच काढा म्हणेन.

पण त्या थांब्याचा अनुभवही ऐका. रात्री निघाले. जेवण आलं, आवरलं, दिवे मंद झाले, डोळा लागला, आणि तेवढ्यात ‘आपण उतरत आहोत, खुर्च्या सरळ करा’. घड्याळात पाहिलं तर आपले पहाटेचे तीन. पुन्हा सिक्युरिटीची रांग. पुन्हा बॅगेतून लॅपटॉप काढा, बूट काढा, आईने बांधून दिलेल्या लाडवांच्या डब्याबद्दल समजावून सांगा. बोर्डवर गेट एक, प्रत्यक्षात दुसरंच. धावत गेले तर विमान दीड तास लेट. एका खुर्चीवर बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून बसून राहिले, कारण झोपले तर फ्लाइट चुकेल ही भीती. पुढच्या विमानात बसले तेव्हा झोप पार उडाली होती. वाढलेल्या तासांचं मला काही वाटलं नाही, झोपेचे तुकडे झाले त्याचा त्रास झाला.

विनाथांबाचं सगळं आकर्षण मला इथे दिसतं. आपल्या दिवसाचे आधीच किती तुकडे झालेत बघा. लेक्चरमध्ये नोटिफिकेशन, अभ्यासात रील, जेवताना कॉल. सलग दोन तास एकच गोष्ट आपण शेवटची कधी केली? नॉनस्टॉप विमान तुम्हाला सोळा तासांचा अख्खा, न मोडलेला तुकडा देतं. त्याचं काय करायचं, ते तुमच्यावर.

थांबा मुळात होताच कशाला?

एके काळी थांबे घेणं ही हौस नव्हती, नाइलाज होता. एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय फ्लाइट ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. विमानाचं नाव ‘मलबार प्रिन्सेस’. ती कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेली. त्याच्या आदल्या वर्षी क्वांटासने सिडनी-लंडन सेवा सुरू केली, तर तिला चार दिवस लागायचे आणि वाटेत कलकत्ता, कराचीसारखे थांबे होते. इंजिनांना तेवढाच दम होता.

त्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात जपानने सिंगापूर घेतलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग तुटला. तेव्हा १९४३ ते १९४५ या काळात क्वांटासने ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या कोग्गला सरोवरापर्यंत कॅटालिना नावाची पाण्यावर उतरणारी विमानं चालवली. एका दमात, २७ ते ३३ तास! शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद. इंधनाचंच वजन इतकं की प्रवासी न्यायचे ते तीनच. प्रवास एवढा लांब, की विमानातून दोनदा सूर्योदय दिसायचा. म्हणून त्याचं नाव पडलं ‘डबल सनराइज’. प्रवाशांना तसं प्रमाणपत्रही मिळायचं. क्वांटासने आत्ताच्या २२ तासांच्या मोहिमेला ‘प्रोजेक्ट सनराइज’ नाव दिलंय ते यावरूनच. म्हणजे घड्याळातल्या तासांचा विचार केला, तर आजचे विक्रम ऐंशी वर्षांपूर्वीच मोडीत निघालेत.

आपल्याकडे मुंबई-न्यूयॉर्क हा टप्पा एअर इंडियाने २००७च्या ऑगस्टमध्ये एका दमात गाठायला सुरुवात केली, बोइंग ७७७-२००एलआर विमानाने. आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली चार महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बेंगळुरूला विमान आणलं. ती बातमी तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना ऑनलाइन क्लासच्या मधे वाचली असेल.

एका रात्रीची गोष्ट

अमेरिकेतला माझा पहिला हिवाळा. एका संध्याकाळी बाबांचा फोन आला, ‘आजी गेली. तू घाई करू नकोस. पैसे घालवून येण्यात अर्थ नाही.’ बाबांचं बरोबर होतं. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. तरीही मी दुसऱ्या दिवसाचं मिळेल ते तिकीट काढलं. ते नेमकं मुंबईचं थेट विमान निघालं. ऑन-कॅम्पस जॉबचे साठवलेले जवळपास सगळे पैसे त्यात गेले.

विमानाचं दार बंद झालं आणि फोन बंद केला. त्या विमानात वायफाय नव्हतं. पुढचे चौदा-पंधरा तास मला कुणी ‘कशी आहेस?’ विचारणार नव्हतं, आणि मलाही कुणाला ‘ठीक आहे’ म्हणावं लागणार नव्हतं. पहिले काही तास नुसती रडले. शेजारच्या काकूंनी काही न विचारता पाण्याची बाटली माझ्या बाजूला सरकवली. मग झोपले. मग जागी होऊन समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा बघत राहिले. इवलंसं विमान, एक वाकडी रेघ, आणि आजीच्या एकेक गोष्टी. तिचं तंबाखूची डबी लपवणं, माझ्या केसांना तेल लावताना ओरडणं. मुंबईला उतरले तेव्हा फोन सुरू केला आणि ६३ मेसेज धडाधड आले. बाहेर चुलतभाऊ गाडी घेऊन उभा होता. आता घरी जाऊन सगळ्यांना भेटायची ताकद माझ्यात होती.

मधे थांबा असता तर? तर पाच-सात तासांनीच तो फोन सुरू झाला असता. कुठल्या तरी अनोळखी विमानतळावर, परफ्यूमच्या दुकानांसमोर उभं राहून मी ‘हो, येतेय, ठीक आहे’ असं टाइप करत बसले असते. त्या रात्री मला नॉनस्टॉपची खरी किंमत कळली. वेळ वाचला म्हणून नाही. एक अख्खी रात्र मला माझ्या दुःखासोबत राहू दिलं म्हणून.

पण त्याच रात्री दुसरीही गोष्ट कळली. परदेशी जाताना आपण स्वतःला आणि घरच्यांना सांगतो, ‘डायरेक्ट फ्लाइट आहे गं, एका झोपेत येईन.’ नकाशावर ती रेघ सरळ दिसते आणि घर जवळ आल्यासारखं वाटतं. घर तेवढंच लांब असतं. थेट विमानानेसुद्धा मी आजीला बघायला पोचू शकले नाही. जायच्या आधी हे मनाशी नीट धरा. फ्लाइट कितीही डायरेक्ट असो, काही वेळा आपण पोचत नाही.

या आरामाचं बिल

आता दुसरी बाजू. हिच्याविषयी त्या व्हिडीओंमध्ये कुणी बोलत नाही.

लांब उडायचं तर जास्त इंधन हवं. त्या इंधनाचं वजन उचलायला आणखी इंधन हवं. ट्रेकला पाण्याच्या बाटल्या वाढवत गेलं की सॅकच इतकी जड होते की तहान जास्त लागते, तसंच हे. सिंगापूर-न्यूयॉर्कवर उडणाऱ्या एअरबस ए३५०-९००यूएलआर विमानात १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावतं. टाक्या भरल्या, तर उड्डाणाच्या कमाल वजनाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग नुसतं इंधन असतं. मग माणसं कमी करावी लागतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए३५० मध्ये २५३ जागा आहेत. या विमानात फक्त १६१, त्यातल्या ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी? नाहीच! म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध नॉनस्टॉपमध्ये तुमच्या-माझ्या खिशाला परवडेल अशी एकही खुर्ची नाही.

उतरून पुन्हा उडायलाही इंधन जळतंच, थांब्यासाठी वाकडी वाट केली तर तेही वाढतं. त्यामुळे मध्यम अंतरावर थेट जाणंच बरं पडतं. पण अंतर खूप वाढलं की गणित उलटतं. वाटेत थांबून इंधन भरलं तर एकूण कमी लागतं. सिंगापूरची हीच सेवा २००४ मध्ये चार इंजिनांच्या विमानाने सुरू झाली होती आणि २०१३ मध्ये बंद पडली. त्या विमानांची इंधनाची भूक परवडेना. कमी इंधन पिणारं दोन इंजिनांचं विमान आल्यावर, २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तेव्हा पर्यावरणावर पोस्टर करणाऱ्या आणि ‘फ्लाइट चॅलेंज’ म्हणून बावीस तास उडण्याची स्वप्नं पाहणाऱ्या आपल्या पिढीने हा विरोधाभास निदान ओळखावा. कामासाठी, शिक्षणासाठी, माणसांसाठी उडणं वेगळं आणि नुसत्या रीलसाठी उडणं वेगळं.

शिवाय ही सरळ रेघ कुणाच्या तरी मर्जीवर असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. विमानांना वळसा पडला, इंधन पुरेना, आणि एअर इंडियाच्या दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या थेट म्हणवणाऱ्या काही फ्लाइटना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर त्याच वर्षी सप्टेंबरपासून थांबवण्यात आली. पाकिस्तानवरून जाता न येणं हे त्याच्या कारणांपैकी एक होतं. रशिया-युक्रेन युद्धानंतर युरोपच्या विमानांचंही तसंच झालं. रशियावरून जाता येईना म्हणून आशियाचे त्यांचे मार्ग लांबले. विनाथांबा जायला मधल्या सगळ्यांनी वाट द्यावी लागते, रस्त्यावर आणि आकाशातही.

शरीराचं काय?

२०२४ च्या उन्हाळ्यात एक ट्रेंड आला होता. विमानात बसायचं आणि शेवटपर्यंत काहीही करायचं नाही. सिनेमा नाही, गाणी नाहीत, झोप नाही, काही जण तर पाणीही नाही. फक्त नकाशा बघायचा. फुटबॉलपटू अर्लिंग हालांडनेसुद्धा सात तास असं केल्याची पोस्ट टाकली. फोनशिवाय बसणं मला पटतं. पाणी न पिणं आणि जागचं न हलणं हा मात्र शुद्ध वेडेपणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त सलग बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. सुदृढ माणसात तो मुळात कमीच असतो, सुमारे सहा हजारांत एक. त्यामुळे घाबरू नका, पण दर दोन तासांनी उठून चक्कर मारा. खिडकीची सीट फोटोला चांगली, लांबच्या प्रवासाला कडेची.

नवी विमानं जरा दयाळू आहेत. जुन्या विमानांत आतली हवा आठ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ होऊ शकते. बोइंग ७८७ आणि ए३५० मध्ये ती सहा हजार फुटांइतकी ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडं वर. अर्थात कळसूबाईवर तुम्ही सोळा तास बसत नाही! क्वांटासने २०१९ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनहून सिडनीपर्यंत प्रायोगिक उड्डाणं केली, एकोणीस तासांहून थोडी जास्त, सुमारे पन्नास माणसं घेऊन. जेवण कधी द्यायचं, दिवे कधी मंद करायचे, प्रवाशांनी केव्हा हालचाल करायची, हे सगळं त्यात तपासलं. आता येणाऱ्या विमानांत २३८ जागा आणि हातपाय ताणायला एक मोकळा कोपरा ठेवणार आहेत. त्याच आकाराची विमानं इतरत्र तीनशेच्या वर माणसं नेतात. इथेही तेच, आराम हवा तर माणसं कमी आणि पैसे जास्त.

आणि आई

माझ्या पदवीदान समारंभाला बाबांना रजा मिळाली नाही. आई एकटी येणार होती. आई साताऱ्याहून एकटी कधी पुण्यालाही फारशी गेली नव्हती. इंग्रजी वाचता येतं, बोलायची वेळ आली की घशात अडकतं. बाबा म्हणाले, ‘थांब्याचं तिकीट स्वस्त आहे, व्हीलचेअर सांगू.’ ही युक्ती आपल्याकडच्या कितीतरी घरांत चालते, तुम्हालाही माहीत असेल. पाय ठणठणीत असतात. पण परक्या विमानतळावर टर्मिनल सापडेल का, या धास्तीने आई-वडील चाकाच्या खुर्चीत बसतात. मला ते बघवेना. माझी आई डोंगरावरच्या यवतेश्वराला चालत जाते. तिने कुणाच्या तरी मागे ढकललं जात का यावं? शिवाय काही देशांत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवाल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो, ती कटकट वेगळीच. मी लायब्ररीत जास्तीचे तास काम केलं आणि तिचं थेट तिकीट काढलं. मुंबईत बसायचं, न्यूयॉर्कला उतरायचं. मधे काही चुकायला जागाच नाही.

उतरल्यावर आई बाहेर आली ती चालत, आणि हसत. मला वाटलं, थकली असेल. म्हटलं, ‘बोअर झालीस का गं?’

‘बोअर? अगं, सोळा तास कुणी एक हाक मारली नाही. चहा टाक नाही, टॉवेल कुठाय नाही, कुकरच्या शिट्ट्या मोज नाही. उलट मलाच येऊन विचारत होते, चहा घेणार का! दोन सिनेमे बघितले. मग नुसती बसले. लग्नानंतर इतका वेळ नुसती कधी बसले असेन, तूच सांग.’

मला सांगता आलं नाही.

बिझनेस क्लासचे पडदे, शॅम्पेनचे ग्लास, नकाशावरचे विक्रम यावर आपण इतकं बोलतो. पण सलग वेळेची खरी भूक कुणाला असते? आपल्याला थोडी असतेच. पण आपण निदान हेडफोन लावून दार बंद तरी करू शकतो. ज्यांचा दिवस दुसऱ्यांच्या हाकांनी तुटत असतो, त्यांना ते जमत नाही. माझ्या आईला हा वेळ मिळायला तीस हजार फुटांवर जावं लागलं, याची लाजही वाटली, खोटं कशाला बोलू? त्यासाठी विमानाची गरजच पडायला नको होती. सुट्टीत घरी गेल्यावर एक अख्खी दुपार मी चहा टाकू शकत होते की!

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. तुम्ही शिकायला निघाला असाल, पैसे मोजके असतील, तर बिनधास्त थांबा घ्या. विशीत झोपेचे तुकडे झाले तरी माणूस मरत नाही, आणि परक्या विमानतळावर वाट शोधायला शिकणं हेही शिक्षणच आहे. घरी काही वाईट घडलं, तर मात्र पैशांकडे न बघता थेट विमान बघा. आता विमानांतही वायफाय येतंय. आलं तरी त्या रात्री ते लावू नका. नुसत्या व्हिडीओसाठी मात्र बावीस तास उडू नका, त्यापेक्षा साताऱ्याहून विनाथांबा धरा आणि दोन तास फोन बॅगेत ठेवून बघा जमतंय का.

आणि पहिल्या कमाईतून कधी नॉनस्टॉप तिकीट काढलंत, तर ते आईच्या किंवा बाबांच्या नावाने काढा. कडेची सीट घ्या. बॅगेत दशम्या ते स्वतःच भरतील. तुम्ही फक्त एक करा, ते विमानात असताना मेसेज टाकू नका. सोळा तास बसू द्या त्यांना निवांत.